एम मापाची मुलगी

ओठांत टाचण्या धरून बोलायची तिला सवय होती, म्हणून सगळ्या बाजाराने तिचं नाव टाचणीबाई ठेवलं. खरं नाव विजेच्या बिलावर होतं, आणि तिथेही ते चुकीचंच छापलेलं असायचं. नवऱ्याला कुणी विचारलं, वहिनींचं नाव काय हो, तर तोसुद्धा क्षणभर छताकडे बघायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. आता तर तिला कशाचंच काही वाटत नाही, पण ते अलीकडचं. आधी ती चांगली खळखळून हसायची, तेही ओठांतली एक टाचणी न सांडता, आणि ते काही सोपं काम नाही.

बाजारातल्या एका इमारतीच्या तळघरात, जिन्याखाली, तिचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन, इस्त्रीचं टेबल, एक उंच आरसा आणि कपडे बदलायला पडदा लावून केलेला कोपरा. नवे कपडे ती गिऱ्हाइकांना फारसे शिवून देत नसे. लोक मोठ्या दुकानातून तयार कपडे घ्यायचे, घरी जाऊन घालून बघायचे आणि तोंड पाडून तिच्याकडे यायचे. इथे आत घ्या, तिथे ढिलं करा, उंची कमी करा. दुकानांतल्या काचेमागच्या बाहुल्या ज्या मापाच्या असतात त्याच मापाची सगळी माणसं जन्माला आली असती, तर टाचणीबाईच्या घरची चूल पेटली नसती.

ह्या दुकानाची एक खोड होती आणि ती तिला दुकानाबरोबरच मिळाली. आधीची मालकीणबाई, जिच्या हाताखाली ती शिकली, बिस्किटांचा एक रिकामा डबा बाळगून असायची. डब्यात लेबलं. कपड्याच्या मानेमागे मापाची चिठ्ठी असते ना, एस, एम, एल, ती. जुन्या कपड्यांची उसवून जमवलेली. एखादी बाई रडकुंडीला येऊन म्हणाली, "मला कधी एक्सेल लागत नव्हतं हो," की मालकीणबाई तिला बाकावर बसवायची, शिवण हवी तिथे ढिली करायची आणि जाता जाता मागचं एक्सेल उसवून तिथे एल टाचून द्यायची. फसवाफसवी म्हणाल तर तशी नव्हती. बाईला सगळं ठाऊक असायचं. काही जणी तर स्वतःच मानेमागे बोट दाखवून, "तेवढं बघा हं," असं हळूच सांगायच्या आणि उगाचच ऐटीत घरी जायच्या. "बाई कपडा नंतर बघते, चिठ्ठी आधी," मालकीणबाई म्हणायची. ती गेल्यावर डबा टाचणीबाईकडे आला आणि गिऱ्हाइकंही आली.

टाचणीबाईला एकच मुलगी. जन्मली तीच अशी भरलेली, की दाईने तिला दोन्ही हातांनी उचललं आणि कौतुकाने पुटपुटली. बाप लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. दिवसभर अंधाऱ्या बोळकांड्यांत लोंबकळून घरी आला की मुलीला हाक मारायचा, "काय पैलवान!" पैलवान धावत यायची आणि त्याची अवजारांची पेटी एका हाताने उचलून आत न्यायची. बाप खूश, आई खूश, पैलवानसुद्धा खूश. मग ती वयात यायला लागली. एकदा शाळेतून आली ती थेट पडद्यामागे गेली, अंगातला सदरा काढून त्याची मान उलटी केली आणि आतूनच विचारलं, "आई, एक्सेल म्हणजे जाडी ना?"

"कोण म्हणालं?"

"सगळ्याच."

टाचणीबाईच्या काळजात कळ आली. खरं सांगायचं तर तिने विचारही केला नाही. पोरगी हात धुवायला गेली तेवढ्यात तिने डबा उघडला. हाताला सवय होती, हाताने ते करून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिने मुलीला सांगितलं, "अगं, ती चिठ्ठी चुकून दुसऱ्याची लागली होती, तू एम आहेस." पोरीने मान उलटून बघितली. एम. तिचा चेहरा असा उजळला, की टाचणीबाईला वाटलं, ह्यात वाईट ते काय? त्यानंतर मुलीचा प्रत्येक कपडा तिनेच शिवला किंवा तिच्याच हाताखालून गेला, आणि प्रत्येकाच्या मानेमागे एम होतं. मुलीला बाहेरून कपडा घ्यावाच लागला नाही. आई शिवणारी असताना कोण कशाला घेईल?

गिऱ्हाइकांना माहीत असायचं. मुलीला माहीत नव्हतं. फरक एवढाच होता, पण तो टाचणीबाईच्या ध्यानातच आला नाही.

शाळेत खेळाच्या मॅडम नव्या आल्या होत्या. स्वतः कधीकाळी गोळाफेक करायच्या, अजूनही दारातून जरा तिरक्याच आत यायच्या. त्यांनी पैलवानला पाहिलं आणि त्यांचे डोळे लकाकले. लोखंडी गोळा तिच्या हातात दिला, मानेला टेकवायला लावला, कोपर वर धरायला लावलं आणि म्हणाल्या, "आता जमिनीवरचा राग काढ." पैलवानने काढला. गोळा जिथे पडला तिथे उभी असलेली लांब उडीवाली पोरगी किंचाळून बाजूला झाली. त्या दिवसापासून पैलवान रोज, गोळा घसरू नये म्हणून लावलेली पांढरी पूड मानेवर तशीच घेऊन घरी यायची, हातपाय न धुता जेवायला बसायची आणि जेवता जेवता कोपर कसं ठेवायचं ते बापाला दाखवताना पाण्याचा पेला सांडायची. तिला कुणी जाडी म्हटलं तर आता ती हसायची. "मी काय जाडी? मी एम आहे. हाडं रुंद आहेत माझी, मॅडम म्हणतात." आणि पुरावा म्हणून मानेमागचं लेबल दाखवायची. मग मुली गप्प बसायच्या. लेबलापुढे कोण बोलणार?

पोरगी मजेत होती, ह्यात खोटं काही नाही. ती आनंदाने गोळा फेकायची, आणि तो आनंद त्या एका चिठ्ठीच्या टाक्यांवर उभा होता, हे फक्त तिच्या आईला माहीत होतं. आईला कधी भीती वाटली नाही असं नाही. पण भीती वाटली की ती मशीन जोरात चालवायची.

मग निवड झाली. सगळ्या शाळांमधून निवडलेल्या मुलींचा संघ होणार होता, आणि संघाला नवी, तयार, एकसारखी जर्सी मिळणार होती. मॅडमनी मैदानावरच एकेकीला माप विचारलं. पैलवानने सगळ्यांसमोर छाती काढून सांगितलं, "एम." मॅडमनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नक्की?" "नक्की. माझी आई शिवते, मॅडम." आता जिची आई दिवसरात्र मापं घेते त्या मुलीशी मापावरून कोण वाद घालणार? मॅडमनी एम सांगून टाकलं. घरी येऊन मुलीने हे सांगितलं तेव्हा टाचणीबाईच्या हातातली कात्री थांबली. मॅडमना भेटून यावं असं तिने ठरवलं. आज जाऊ, उद्या जाऊ. गेली नाही. काय सांगणार होती जाऊन?

स्पर्धेच्या सकाळी ती सिमेंटच्या पायऱ्यांवर इतर आयांबरोबर बसली होती, मांडीवर नेहमीची सुईदोऱ्याची पिशवी. मॅडम लगबगीने आल्या. "ताई, जरा आत या. जर्सीचं काही करता येतंय का बघा." टाचणीबाई उठली. तिला सगळं आधीच कळलं होतं.

मुलींच्या खोलीत ओल्या मोज्यांचा आणि दुखण्यावर चोळायच्या मलमाचा वास होता. पैलवान खांद्यावर टॉवेल टाकून बाकावर बसली होती. त्याच सकाळी वाटलेली नवी निळी जर्सी खांद्यांवरून खाली उतरलीच नव्हती. तिघीचौघींनी ओढून पाहिलं, मग परत वर ओढून काढली. आणि कुणीतरी, वाईट हेतूने नव्हे, नुसतं मोजायला म्हणून, तिची रोजची जुनी जर्सी बाकावर पसरून तिच्यावर नवी ठेवली होती. जुनी दोन्ही बाजूंनी चांगली चार बोटं बाहेर आली होती.

"अय्या, दोन्हीवर एमच आहे की," लांब उडीवाली दोन्ही माना उलट्या करून म्हणाली. "काकू, तुमच्या टेपमध्ये काहीतरी घोळ आहे हं!"

दोघीतिघी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी जुन्या जर्सीकडे पाहिलं, मग टाचणीबाईकडे, आणि त्यांना समजलं. पैलवानने जर्सीकडे पाहिलंच नाही. ती आईकडे बघत होती. रागाने नाही, अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

टाचणीबाईने टाचण्या ओठांत धरल्या. नव्या जर्सीच्या दोन्ही बाजू बगलेपासून कमरेपर्यंत उसवल्या. निळं कापड पिशवीत नव्हतं, पांढऱ्या अस्तराचा तुकडा होता. त्याच्या दोन लांब पट्ट्या कापून तिने दोन्हीकडे जोडल्या. हात भरभर चालत होते. टाचण्या ओठांत होत्या म्हणून बोलावं लागलं नाही, आणि त्या सकाळी तिला त्याचा फार आधार वाटला.

पैलवान वर्तुळात उभी राहिली. गोळा मानेला टेकवला. आता कोपर वर जायला हवं. पण कोपर वर गेलं की बगलेखालची पांढरी पट्टी दिसते. कोपर बरगडीला चिकटूनच राहिलं. "कोपर!" मॅडम ओरडल्या. "अगं, कोपर!" गोळा तिने फेकला नाही, हातातून पिशवी ठेवावी तसा पुढे ठेवला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. मग ती दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून चालत बाहेर आली.

घरी आल्यावर तिने आदळआपट केली असती, चार शब्द बोलली असती, तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही गं. कुणालाच नाही."

"माझं खरं माप काय आहे?"

टाचणीबाईने सांगितलं. मुलीने मान हलवली, आईच्या टेबलावरची बारीक कात्री घेतली आणि कपाट उघडून एकेका कपड्याच्या मानेमागचं लेबल उसवायला बसली. नीट उसवत होती, कापड न फाडता. शिकवलं होतं आईनेच. बापाने दारातून पाहिलं आणि सवयीने तोंडातून गेलं, "काय पैलवान, काय चाललंय?" मुलगी वर न बघता म्हणाली, "मला तसं म्हणू नका, बाबा." त्याने पुन्हा कधी म्हटलं नाही. दुसरी कुठली हाक त्याला सुचली नाही, म्हणून तो तिला हाकच मारेनासा झाला.

त्यानंतर ती पळायला लागली. सकाळी पळायची, शाळेतून आली की पळायची. मधल्या वेळात मोबाइल भिंतीला टेकवून ठेवायची आणि त्यातली सपाट पोटाची बाई जे जे करील ते ते जमिनीवर चटई टाकून करायची. ती बाई सारखी हसत असे. मुलगी हसत नसे. ताटातलं एकेक कमी होत गेलं. आधी पोट भरलंय म्हणायची, मग मैत्रिणीकडे खाल्लं म्हणायची, मग काहीच म्हणायची नाही, नुसती उठून जायची.

आणि सगळं जग खूश! तेच तर आहे. आत्या आली, तिने दोन्ही हातांत पोरीचं तोंड धरलं. "वहिनी, पोरीने काय केलं काय हे! किती सुरेख दिसायला लागली. माझ्या पोरीला सांग गं बाई, काय करतेस ते." खालच्या मजल्यावरची म्हणाली, खेळाने मुलांना वळण लागतं बघा. बाजारात गिऱ्हाइकं टाचणीबाईचं अभिनंदन करायची. ती ओठांतल्या टाचण्या दाखवून मान डोलवायची. आत काही हललं नाही. चांगलं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. हात झोपला की चिमटा काढून बघावा, तसं तिने एकदोनदा स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही. समोर कपड्यांचा ढीग होता, ती टिपा घालत राहिली.

मॅडम एक दिवस दुकानात आल्या, जिना तिरका उतरून. मुलगी तिथेच होती, इस्त्री करत होती. ती आता जागची बसत नसे, उभ्याने अभ्याससुद्धा करायची.

"मैदानावर ये गं," मॅडम म्हणाल्या. "गोळा वाट बघतोय. तुझ्यासारखी शरीरयष्टी मागून मिळत नाही."

"मला खेळायचं नाहीये, मॅडम. मला व्यायाम करायचाय."

"मग खेळ म्हणजे काय? व्यायामच की."

"नाही. खेळताना लोक बघतात. म्हणून आधी व्यायाम करायचा." आणि पुढे म्हणाली, "झालं की येईन."

"काय झालं की?"

मुलीने पुढचा कपडा इस्त्रीखाली घेतला. मॅडमनी टाचणीबाईकडे बघितलं. जाताना मॅडम जिन्यावर टाचणीबाईला हळूच म्हणाल्या, "वर्गात चक्कर आली होती तिला. सांगितलं का तुम्हाला?" सांगितलं नव्हतं.

टाचणीबाईने मग घरात नीट बघायला सुरुवात केली. मुलीची पाळी यायची थांबली होती. केस गळून मोरीच्या जाळीत अडकत होते. मुलीला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि चष्मा काढून म्हणाले, "हिचं वजन फार उतरलंय. हिला खायला पाहिजे, आणि हे पळणं काही दिवस बंद." मुलगी हो म्हणाली. परत येताना ती बसमधून एक थांबा आधी उतरली आणि घरापर्यंत पळत गेली. टाचणीबाई बसच्या काचेतून तिच्याकडे बघत राहिली.

त्या आठवड्यात मुलगी शाळेचा सदरा घेऊन आली. "आत घे अजून."

टाचणीबाईने टेप काढला. मुलीच्या कमरेभोवती टेप गेला आणि तिची बोटं एकमेकांच्या फार जवळ आली. इतकी वर्षं ती मापं घेत होती, बोटांना सगळं कळायचं. तिने आकडा सांगितला. खरा सांगितला.

मुलीने आरशात बघितलं. "खरं सांग, आई."

"खरंच सांगतेय."

"तू तर असंच म्हणणार."

"अगं, टेप बघ ना. तूच बघ."

"टेप तुझा आहे," मुलगी म्हणाली.

डॉक्टरांचं तिला पटत नव्हतं, बापाला कळत नव्हतं, आणि आईचं तर तिला ऐकायचंच नव्हतं. तेव्हा टाचणीबाईने जे कधी केलं नव्हतं ते केलं. एका दुपारी दुकान बंद करून ती मुलीला कपड्यांच्या मोठ्या दुकानात घेऊन गेली. काच, दिवे, गाणी, आणि रांगेने टांगलेले हजारो कपडे, एकालाही तिचा हात न लागलेला. तिने मनाशी पक्कं केलं होतं, आपण कशाला म्हणजे कशाला शिवायचं नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून ती दाराजवळ उभी राहिली. परक्या माणसांनी लावलेली चिठ्ठी तरी पोरगी मानेल. मानली की थांबेल. थांबली की जेवेल. एवढाच तिचा हिशेब होता, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या छातीत काहीतरी धडधडत होतं.

मुलीने एल उचलला. कपडे दाखवणारी मुलगी हसली. "हे कशाला? तुला तर एस लागेल. तोसुद्धा ढगळ होईल बघ."

एस घालून मुलगी बाहेर आली. खांद्यावरून सदरा घसरत होता, बाह्यांत हात सापडत नव्हते. "म्हटलं नव्हतं?" कपडेवाली म्हणाली. "नशीबवान आहेस."

मुलगी आरशापुढे बराच वेळ उभी राहिली. मग आत जाऊन सदरा काढून आली, तो घेऊन दाराच्या काचेपाशी, उजेडात गेली आणि त्याची मान उलटी केली. लेबलाच्या कडेने तिने नख फिरवलं. उसवून पुन्हा लावलेल्या लेबलाशेजारी जुन्या सुईची भोकं राहतात. शिवणाऱ्या बाईची मुलगी ती, तिला हे कुणी सांगावं लागत नव्हतं. तिने कापड ताणून भोकं शोधली. मग आईच्या अगदी जवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आई, तू काल इथे येऊन गेलीस का?"

"नाही."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"नाही गं बाळा. मी ह्या दुकानात आयुष्यात पहिल्यांदा आलेय."

"बरं," मुलगी म्हणाली. तिने तो सदरा जागच्या जागी नीट टांगला, शेजारचा काढला आणि त्याचीही मान उलटी करून बघितली. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्याही शेजारचा.